चंपतरावाची घोडी अन् 'आगू'

चंपतराव पाय फाकवून चालायचा. दोन पायांमधून कोंबडी पळून गेली तरी त्याला पत्ता लागू नये, असा. घोड्यावर बसून बसून हाडंच तशी वळली होती. सावरथडीचे लोक म्हणत, "चंपतराव घोडीवरून उतरते, पण घोडी काई चंपतरावातून उतरत नाई."

सावरथडी म्हणजे पैनगंगेची अलीकडची थडी, भीमपूरच्या अंगाला. समोरच्या थडीवर बोरथडी. अलीकडं मोगलाई अन् पलीकडं वऱ्हाड, असं म्हणायचं खरं, पण नदीला कोण विचारते? पोरी इकडून तिकडं देत, बैल तिकडून इकडं आणत. चंपतरावाची बायको बयनाबाई बोरथडीचीच. तिचा थोरला भाऊ भगवानराव गूळ-तंबाखूचा व्यापारी, अंगानं भरलेला, तोंडानं त्याहून भरलेला. आदिलाबादच्या बाजारात त्याच्या गाड्या जात, अन् घरी सब्जा नावाचा उंचापुरा राखी घोडा झुलत असे. नात्यानं हे साळे-जवाई. वर्षातले बाकीचे दिवस एका ताटात जेवतील, पण माघी पुनवेला एकमेकाचं तोंड पाहणार नाहीत, पाहिलं तर शिवी देण्यापुरतं. कारण माघी पुनवेला निशाणाची दौड.

ही दौड कशी सुरू झाली ते सावरथडीत एका परीनं सांगतात, बोरथडीत दुसऱ्या. आपण सावरथडीची परी घेऊ. निजामाच्या राज्यात थडीवर करोडगिरीचा नाका होता, म्हणजे जकातीचा. बोरथडीचा एक गडी तंबाखूची पोती घोडीवर टाकून नाका चुकवून निघाला. नाक्यावरचा सवार त्याच्या मागं. नदीचा मध्य ओलांडला की इंग्रजी अंमल, तिथं सवाराचा हात पोचत नाही. गड्यानं मध्य ओलांडला, घोडी वळवली अन् दात काढून हसला. सवारही मोठा नमुना. म्हणाला, "भेवानं कोनतंबी जनावर पळते बे. माघी पुनवेले उजेडात पळून दाखव." पळाले. सवार जिंकला, अन् आपला लाल साफा काठीला बांधून त्यानं वाळूत रोवला. ते पहिलं निशाण. बोरथडीवाले म्हणतात साफा आमच्या गड्याचा होता. म्हणोत बापडे.

पुढं नेमच पडला. निशाण ज्या थडीवर, जत्रा त्या थडीवर, अन् दौड सुटायची तीही तिथूनच. नदी उतरायची, समोरच्या थडीवरच्या देवाला वळसा घालायचा, तसंच परत यायचं अन् वाळूतलं निशाण उपटायचं. उपटंल त्याच्या गावाचं, वर्षभर. त्या एका दिवशी नाका आंधळा असे. करोडगिरीचे शिपाईसुद्धा पारावर चढून ओरडत.

चंपतराव मिसरूड फुटायच्या आत तहसिलीच्या तबेल्यात सईस म्हणून लागला. तिथं एक म्हातारा सवार होता, हैदराबादकडचा, दखनी बोलणारा. घोड्याचं सारं चंपतराव त्याच्याकडून शिकला. खरारा, दाणापाणी, नालेचा आवाज ऐकून लंगडं जनावर ओळखणं. अन् शिकला ती घोड्याची भाषा. म्हातारा म्हणे, "घोडे से जास्ती बात नको कर बेटा. एक लफ्ज बस." तो लफ्ज म्हणजे 'आगू'. आगू म्हणजे समोर. निघ. पळ.

रजाकारांच्या धामधुमीत एक साल दौड झालीच नाही. नदीत वाळू होती, घोडे होते, पण माणसं रानात लपलेली. मग पोलीस ॲक्शन झाली, मोगलाई गेली. नवे साहेब आले ते जीपनं फिरू लागले. तबेला मोडला. चंपतराव घरी आला तो हातात दावं घेऊन, अन् दाव्याच्या टोकाला एक शिंगरी.

बयनाबाईनं दारातूनच पाहिलं. "मानूस नोकरीहून येते तं लुगडं आनते, भांडं आनते. तुमी खानारं तोंड आनलं?"

"मोठी होऊ दे. मंग पाहाजो."

"हे मोठी होईन? चिमनीएवढी तं हाय!"

झालं, नाव पडलं. चिमणी. मोठी झाली तरी ठेंगणीच राहिली. चाबूक दाखवला की चावायची. चुचकारलं की झोपायची. पण कानाशी वाकून 'आगू' म्हटलं की मागच्या पायांनी जमीन अशी फेकायची की मागच्याच्या डोळ्यात माती. तिला येत होता तो एकच शब्द, अन् ती तो कधी विसरली नाही.

चिमणीनं चार वर्षं निशाण सावरथडीला ठेवलं. मग भगवानरावानं सब्जा आणला. पहिल्या साली चिमणी पाण्यात घसरली, दुसऱ्या साली सब्जानं वाळूत गाठली. दोन वर्षं निशाण बोरथडीला. सावरथडीत कुणाची गाय आटली तरी लोक चंपतरावाकडं पाहत.

अन् तशात राज्यं वाटली गेली. छप्पन सालच्या नोव्हेंबरात किनवट तिकडं गेलं, राजुरा तिकडं गेला, आदिलाबाद आंध्रात राहिला, अन् त्याच्यासंगं सावरथडीही. बोरथडी मुंबई राज्यात. सावरथडीचे लोक सकाळी उठून पाहतात तर भाकर तीच, शिवी तीच, फक्त कागद तेलगू. दोन्हीकडच्या कचेऱ्यांनी मिळून कळवलं की पुढच्या सालापासून जत्रेला मंजुरी लागंल अन् ती एकाच राज्याची असंल. यंदा निशाण ज्या थडीवर राहील, जत्रा कायमची तिथली. यानंतर निशाण नदी ओलांडणार नाही.

म्हणजे निशाणाची ही शेवटची दौड. हरली तर सावरथडीची जत्रा गेली, पोरानातवंडांची गेली, अन् ती घालवणाऱ्याचं नाव चंपतराव.

माघी पुनवेला सकाळीच बोरथडीची वाळू दिसेनाशी झाली, इतकी माणसं. भज्यांच्या कढया, बांगड्यांच्या पाट्या, तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास, ढोलाचा दणका. अकरा घोडे रांगेत. चंपतरावानं चिमणीच्या पाठीवर घोंगडी कसली. शेजारी सब्जावर भगवानराव, नवं धोतर, डोक्याला फेटा. वरून खाली पाहत म्हणाला,

"काय जवाई, शेळी आनली का?"

"शेळी म्हना नाईतं बोकड म्हना. दूध कोन देते ते सांजच्याले पाहू."

"आता तुमचं राज तेलंग्यायचं. थोडी भाषा शिकून घ्या. मले येते, आठवाड्याच्या आठवाड्याले बाजारात बोलतो म्या. 'रा' म्हंजे ये. 'पो' म्हंजे जाय. अन्—"

"तुमचं तेलगू तुमच्या गुळाले ऐकवा." चंपतरावानं चिमणीचं तोंड वळवलं. तिसरा शब्द भगवानरावाच्या तोंडातच राहिला.

बायकांच्या घोळक्यातून बयनाबाई पाहत होती. माहेरच्या बायकांनी तिला मधे घेऊन छळायला घेतलं होतं. "कोनाकडून वं बयना तू? भावाकडून का कारभाऱ्याकडून?"

"म्या घोडीकडून. घरात तेवढीच एक कामाची हाय."

बोरथडीचे म्हातारे पाटील केशवराव पंच. त्यांनी हातातला रुमाल वर केला अन् खाली सोडला.

सुटले!

अकरा घोड्यांनी वाळू उधळली, मागं नुसता धुरळा. चंपतराव चिमणीच्या मानेवर पालथा. "आगू!" पाणी आलं. गुडघाभर गार पाणी, शेवाळलेले गोटे, एक घोडा आडवा झाला, दुसरा त्याच्यावरून उडाला. चिमणी ठेंगणी, तिच्या पोटाला पाणी लागलं, पण दोन सालांमागची घसरण तिच्या ध्यानात होती. एक एक पाय रोवत निघाली. सब्जा लांब टांगांनी पाणी कापत पुढं. मधला वाळूचा पट्टा, पुन्हा पाणी, मग सावरथडीचा चढ. चढावर चिमणीनं चार घोडे मागं टाकले. मारोतीच्या ओट्याशी गावचे म्हातारे छाती पिटून ओरडत होते, "चंपत्या, लेका, इज्जत!" ओट्याचा वळसा चिमणीनं इतका आत घेतला की चंपतरावाच्या गुडघ्याला मारोतीचा शेंदूर लागला. सब्जा मोठा, त्याला वळायला अंगण लागायचं. वळून सरळ झाले तर दोघांत उरली फक्त एक मान. सब्जाची पुढं.

आता नदीत काय होतं ते ऐका. मधल्या वाळूच्या पट्ट्यावर आठवड्यापूर्वी चुना मारलेले धोंडे मांडले होते. अलीकडं आंध्र, पलीकडं मुंबई. तिथं राजमल्लू नावाचा नवा जमादार नेमला होता, मंचेरियलकडचा. जनावर पलीकडं चाललं की नोंद घ्यायची, एवढं त्याला सांगितलं होतं. दौडीचं कुणीच सांगितलं नाही. सारा मुलूख जत्रेत, धोंड्यांशी चिटपाखरू नाही, म्हणून गडी खाकी अर्ध्या चड्डीवर आंघोळीला बसला. घोडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्याचं डोकं पाण्यात होतं. वर काढून साबण फासला, अन् तेवढ्यात ढगांसारखा गडगडाट. डोळ्यात साबण, एका डोळ्यानं पाहतो तर दोन माणसं मरमर घोडे पळवत दुसऱ्या राज्यात चालली! त्याला वाटलं, चोर. टोपी साबणाच्या डोक्यावरच ठेवली, दोन्ही हात पसरून पट्ट्यावर उभा राहिला अन् बेंबीच्या देठापासून ओरडला,

"आगु! आगु रा! आगु!"

भगवानरावाला खाकी दिसली, शब्द ऐकू आला, अन् त्याच्या हातानं लगाम ओढला. सब्जा मागच्या पायांवर उभा राहिला.

चंपतरावाला वाटलं, वा! नवा सरकारी माणूस, पण घोड्यातला दिसते. अन् चिमणीला काहीच वाटलं नाही. तिचा एकुलता एक शब्द तिला इतक्या मोठ्यानं जन्मात कुणी म्हटला नव्हता. सुटली ती जमादाराच्या काखेखालून गेल्यासारखी गेली. जमादार पाण्यात बसला. पलीकडचं पाणी, पलीकडची वाळू, अन् चंपतरावानं पळत्या घोडीवरून वाकून निशाण उपटलं.

सावरथडीवाल्यांनी टोप्या फेकल्या. बोरथडीवाल्यांनी चपला.

भगवानराव मागून आला तो तोंडातून फेस गाळत. घोड्याच्या नव्हे, आपल्याच. "काऊन? काऊन हे? पोलिसानं थांबवलं मले! थांब म्हनल्यावर म्या थांबलो!"

"थांब कवा म्हनला? आगू म्हनला! समोर जाय म्हनला!" चंपतराव निशाण छातीशी धरून.

"अरे बापा, आगु म्हंजे थांब!"

"आगू म्हंजे समोर! माया घोडीले इचार!"

कुणीतरी जमादारालाच धरून आणलं. ओला, अर्ध्या अंगाला साबण. केशवरावांनी विचारलं, "साब, आप क्या बोले थे?"

"मैं रुको बोला जी! हमारे में आगु बोले तो रुको. ये रुका," त्यानं भगवानरावाकडं बोट केलं, मग चंपतरावाकडं, "ये मेरे को गिराके भागा."

मग केशवराव असे हसले की त्यांना काठी धरावी लागली. "म्हंजे ज्याले समजलं थो हरला, अन् ज्याले समजलं नाई थो जिकला! वा रे राज!"

हसू ओसरलं तसा कल्ला पुन्हा पेटला. निशाण कुणाचं? बोरथडीचे म्हणत दौड नासली, निशाण जिथं होतं तिथंच राहील. सावरथडीचे म्हणत उपटलं त्याचं. काठ्या वर व्हायला लागल्या. तेवढ्यात बयनाबाई घोळक्यातून बाहेर आली. पदर खोचलेला. दोन्ही गावांसमोर नवऱ्याला म्हणाली,

"पोलिसाच्या हातचं निशान मले घरात नोको. वर्सभर माया मायच्या आंगनात मले टोमने खा लागतीन. रोवा थे परत, अन् हिंमत असंन तं फिरून पळा."

चंपतरावाचं तोंड पाहण्यासारखं झालं. निशाण हातात, सावरथडीची जत्रा हातात, अन् ही बाई म्हणते सोड. गावचे म्हातारे नदीपलीकडून ओरडत होते, काय ते ऐकू येत नव्हतं, पण 'सोडू नोको' असंच असणार. त्यानं चिमणीकडं पाहिलं. तिच्या नाकपुड्या फुललेल्या, पाय थरथरत होते, पण कान उभे. त्यानं निशाण वाळूत असं खुपसलं की काठी वीतभर आत गेली.

"चुन्याच्या धोंड्यापासून निशानापर्यंत. दोघंच. चला साळेबुवा."

"चला." भगवानराव खूश. उरलं ते एक पाणी अन् सरळ वाळू, वळसा नाही. सब्जाच्या टांगांची जागा.

सोडणार कोण? बोरथडीचा नको, सावरथडीचा नको. उरला जमादार. बिचाऱ्यानं अंग पुसलं, सदरा घातला, धोंड्यांशी उभा राहिला. "मैं पो बोलूं?"

"पो माया घोडीले समजत नाई," चंपतराव म्हणाला. "आगूच म्हना साब. साळेबुवा, चालते ना?"

भगवानराव हसला. "म्हना काईबी. आता मले मालूम हाय ना. आगू म्हंजे पळा. जय हो."

ढोल थांबले. राजमल्लूनं छाती भरून घेतली.

"आगू!"

चिमणी गेली. भगवानरावाच्या डोक्याला सारं माहीत होतं, पण हाताला कोण सांगणार? आठवड्याच्या आठवड्याला बाजाराच्या वाटेवर हा शब्द ऐकून गाडी थांबवलेला हात. पापणी लवायला लागते तेवढाच तो आवळला. सब्जानं मान वर केली. मग भगवानरावानं स्वतःलाच एक शिवी घातली अन् टाच मारली.

काय पळाला तो घोडा! खोटं कशाला बोला, तसा घोडा पुन्हा त्या नदीत उतरला नाही. पाण्यात त्यानं अर्धं अंतर तोडलं. वाळूत शेपटीला तोंड. मग घोंगडीला तोंड. चंपतरावाच्या मानेवर सब्जाचा गरम श्वास. "आगू, चिमणे, आगू, आगू!" निशाण समोर, दोघांचे हात पुढं. चंपतरावाच्या बोटांनी काठी धरली, काठी वीतभर रोवलेली, ती निघेना, घोडी थांबेना. गडी घोडीवरून सुटला, वाळूत कोलांटला, अन् काठीसकट लोळत तीन हात गेला. उठला तेव्हा नाकात वाळू, तोंडात वाळू, अन् हातात निशाण. भगवानरावाच्या मुठीत नुसता वारा.

केशवरावांनी रुमाल चंपतरावाकडं फेकला. "सावरथडी!"

चंपतराव थू-थू करत वाळू थुंकला. पहिलं बोलला ते बायकोला. "आता येते का घरी?"

"निशान पुढं चालू द्या," बयनाबाई म्हणाली. "म्या मांगून येतो. भावाले आधी पानी पाजू द्या, त्याचं तोंड पाहावत नाई."

सूर्य बुडायच्या आत निशाण नदी उतरलं. जमादारानं चुन्याच्या धोंड्यांशी वही उघडली अन् रीतसर नोंद केली: एक घोडी, एक काठी, एक लाल फडकं. मारोतीच्या ओट्याशी ते रोवलं गेलं ते आजतागायत तिथंच. जत्राही तिथलीच. बोरथडीवाले तेव्हापासून नदी उतरून जत्रेला येतात, पोटभर जेवतात अन् जाताना म्हणतात, पहिली दौड आमचीच होती.

चंपतराव पुढं पुष्कळ जगला. तेलगू शिकला नाही. एकदा आदिलाबादच्या कचेरीत दारावरचा शिपाई त्याच्या अंगावर "आगु!" म्हणून ओरडला, तर हा पाय फाकवून थेट साहेबाच्या टेबलाशी जाऊन उभा. साहेबानं विचारलं, आत कुणी सोडलं? हा म्हणाला, "तुमच्याच मानसानं." जमिनीच्या कागदाचं त्याचं काम त्याच दिवशी झालं.

जत्रेत दौड अजून होते, निशाणासाठी नाही, नुसत्या हौसेची, अन् ती 'आगू'वरच सुटते. अलीकडची अर्धी पोरं आता तेलगू शाळेत शिकलेली. 'आगू' म्हटलं की दरसाली एकदोघांचा लगाम ओढला जातोच, अन् पारावरचे म्हातारे त्याचीच वाट पाहत बसलेले असतात.

चिमणीला सब्जाकडून शिंगरू झालं तेव्हा भगवानराव स्वतः नदी उतरून आला. ओसरीवर बसला, चहा प्याला, मिशीवरून हात फिरवला. "जवाई, थे शिंगरू मले द्या."

चंपतरावानं बराच वेळ खरारा चालवला. मग म्हणाला, "न्या. घरचंच हाय. फक्त एक करजा."

"काय?"

"त्याच्यासमोर तेलगू बोलू नोका."